घरातली गाडी

जुनी गाडी बघायला गेलं की बबननाना आधी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरायचे. मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडायचं, डोकं आत घालायचं आणि डोळे मिटून वास घ्यायचा. मालक बाहेर उभा राहून इंजिनाचं कौतुक सांगतोय, टायर नवीन टाकलेत म्हणतोय, आणि नाना आपले कुत्र्यासारखे हुंगतायत. कुत्र्यासारखे हा शब्द त्यांचाच, मी पदरचा घातलेला नाही. पुढं झालं की मागचं दार, मग डिकी. सगळीकडं नाक फिरवून झालं की टोपी परत डोक्यावर जायची आणि निकाल लागायचा. "चालंल," म्हणाले तर गाडी पास. "चला, चहा घिऊ," म्हणाले तर समजायचं, ही नको.

"डोळं फसत्यात सुरेखे, कान बी फसत्यात," ते मला सांगायचे. "पॉलिश मारलं की डोळं गार. आइल नवीन वतलं की इंजिन गपगुमान. नाकाला न्हाई फसवता येत."

एकदा आळेफाट्याला आमच्या गावातल्या एका गुरुजींसाठी गाडी बघत होते. मालक शपथा घेत होता, की गाडीतून फक्त आई-वडिलांना देवदर्शनाला नेलंय. नानांनी डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "आईवडील अंडी घालत्यात का तुमचं?" मालक भडकला. नाना शांतपणे वाकले, मागच्या सीटच्या खाली हात घातला आणि कोंबडीचं पीस काढून त्याच्या खिशात खोचलं. मग सगळ्यांना घेऊन चहाला गेले, मालकालासुद्धा. तो बिचारा चहाचे पैसे देऊ लागला.

असे आमचे नाना. एसटीत आयुष्यभर ड्रायव्हर होते. स्वतःची मोटार कधी घेतली नाही. निवृत्त झाल्यावरही सायकलच. पण खोडद, येडगाव, नारायणगाव, पार तिकडं मंचरपर्यंत कुणाला हलकीफुलकी जुनी गाडी घ्यायची असली, की माणसं आमच्या गल्लीत यायची. आमच्या गावाशेजारी रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठमोठ्या तबकड्या आहेत, आभाळाकडं तोंड करून बसलेल्या. लांबून शास्त्रज्ञ येतात. नाना त्यांच्याकडं बोट करून म्हणायचे, "ते आभाळाचं ऐकत्यात, मी गाड्यांचं हुंगतो. खोडदला लई मोठी माणसं ऱ्हात्यात." या कामाचा त्यांनी कधी मोबदला घेतला नाही. कुणी पाकीट पुढं केलं की हात मागं बांधून उभे राहायचे. त्यांचा एकच हट्ट असायचा. गाडी घेतली की पहिल्या दिवशी त्यांच्या दारात आणायची आणि त्यांना मागच्या सीटवर बसवून वेशीपर्यंत चक्कर मारायची. पुढं बसायचे नाहीत. "म्होरं बसलो की पाय बिरेक हुडकतो," म्हणायचे.

त्यांच्या लेखी जगात तीनच प्रकारच्या गाड्या होत्या. धंद्यातली, पोरातली आणि घरातली. धंद्यातली म्हणजे भाड्यानं पळालेली, नाहीतर टोमॅटोचे क्रेट वाहिलेली. पोरातली म्हणजे गावातल्या टग्यांनी गाणी लावून पिदाडलेली. आणि घरातली म्हणजे एका कुटुंबानं जपून वापरलेली, लेकराबाळांची, लग्नाकार्याची. नाना एखाद्या गाडीला "घरातली हाय" म्हणाले, की पुढं कुणी काही विचारायचं नाही. तो शब्द म्हणजे शिक्का होता. आमच्याकडची माणसं आरटीओच्या कागदापेक्षा त्या शब्दावर जास्त भरवसा ठेवायची. मीही ठेवला.

मी तर कुणी लांबची नव्हते. माझे वडील मी शाळेत असताना गेले. नाना त्यांचे जिवाचे मित्र, समोरचंच घर. माझ्या लग्नात वडिलांच्या जागी नाना उभे राहिले. मला मोटार चालवायला त्यांनीच शिकवलं, कुणाची तरी उसनी गाडी आणून, जत्रेच्या मोकळ्या मैदानात. गिअर बदलताना खरखर आवाज झाला की म्हणायचे, "अगं तिला दुखतंय, हळू." शिकवता शिकवता गाडी पारखायचंही सांगायचे. सीटबेल्टचा पट्टा धरून तो बाहेर, आणखी बाहेर, अगदी शेवटपर्यंत ओढून दाखवायचे. "पाण्यात बुडालेली गाडी वळखायची आसंल तर हितं बघायचं. सीट बदलत्यात, मॅट बदलत्यात, पर पट्ट्याचं शेपूट कुणी धूत न्हाई. चिखलाची रेघ हितं घावती." मी तेव्हा हसले होते. मला कशाला लागतंय, म्हटलं, तुम्ही आहात ना.

आता गाडी का लागली ते सांगते. मी नारायणगावला एका दवाखान्यात नर्स आहे. आमचे हे चाकणला कंपनीत, शिफ्टची नोकरी, घरी येणं सुट्टीलाच, म्हणून लग्नानंतरही मी माहेरच्याच घरात राहिले. माझी मुलगी ऋतुजा नारायणगावातच कॉलेजला. सकाळी दोघी माझ्या स्कूटरवर जायचो, संध्याकाळी तिचा क्लास सुटला की एकत्र यायचो. रस्ता दोन्ही बाजूंनी उसातला. उसात बिबट्या असतो हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत आहे, पण रोजच्या रस्त्याची भीती रोज कोण बाळगणार? एका संध्याकाळी तो उसातून सरळ स्कूटरवर झेपावला. मला फक्त पिवळं काहीतरी दिसलं आणि ऋतूची किंकाळी ऐकू आली. स्कूटर डगमगली, पण मी ॲक्सिलरेटर सोडला नाही. पडलो असतो तर आज हे सांगायला मी नसते. तिच्या पोटरीला नखं लागली होती. टाके पडले, इंजेक्शनं झाली, जखम भरली.

भीती भरली नाही. पोर स्कूटरवर बसेना. बारावीचं वर्ष, आणि ही घरात. सकाळची एसटी होती, पण क्लास सुटल्यावर यायला काही नाही. मी समजावलं, रागावले, एकदा तर हात धरून ओढत स्कूटरपाशी नेलं. ती अंगणात मटकन खाली बसली आणि म्हणाली, "आई, मला चारी बाजूंनी दारं पाहिजेत गं." तेवढंच म्हणाली. मी स्कूटर आत लावली आणि समोर नानांकडं गेले.

नाना दवाखान्यात तिच्या उशाशी बसलेले होते, टाके घालताना तिचं डोकं त्यांनीच धरलं होतं. त्यांना काय सांगायचं राहिलं होतं? तरी मी सांगितलं. "नाना, छोटी गाडी पाहिजे. जुनी चालेल. दिसायला कशीही असू दे. फक्त उसात बंद पडायला नको."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "उसात बंद पडणारी गाडी मी तुला दिईन का गं?"

मग आमचा गाड्या बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आमच्या यांच्या डोक्यात मोठी, उंच, पुढं टीव्हीसारखा पडदा असलेली गाडी. नाना म्हणाले, "पावणं, गाडी मिरवायला पायजे का पोरीला घरी आणायला?"  नाना बोटांवर मोजत बसत आणि सांगत, "ल्हान घ्या. आपल्या गल्लीत वळली पायजे. पेट्रोल कमी प्यायला पायजे. आन जिचा पार्ट नारायणगावात मिळतो ती गाडी खरी. पार्ट पुण्यासनं यायची वाट बघायची म्हंजी काय पोरीनं तवर उसात बसायचं?" किती बरोबर बोलायचे! आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

मंचरला दोन-तीन चहा झाले. आळेफाट्यालाही चहाच. आणि एके दिवशी जुन्नरला सलीमभाई नावाच्या फळांच्या व्यापाऱ्याच्या दारात एक पांढरी छोटी गाडी बघितली. त्यांची बायको स्वतः चालवायची, आता त्यांना गुडघ्यामुळं जमत नव्हतं. नानांनी टोपी काखेत घातली, तिन्ही ठिकाणी हुंगलं, पट्टा शेवटपर्यंत ओढला. सलीमभाई म्हणाले, "नाना, आणखी काही बघायचं असेल तर बघा, घाई नाही." नानांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "चालंल."

तो शब्द ऐकून मला रडू यायचं बाकी होतं. येताना मी सगळ्या रस्त्यानं ऋतूशी फोनवर बोलत होते, बाई, मिळाली गाडी, पांढरी आहे, सोमवारपासून कॉलेज.

त्याच संध्याकाळी नानांची वैशाली पारगावहून माहेरी आली. वैशाली ही त्यांची एकुलती एक मुलगी, सासर पारगावला, साखर कारखान्याच्या बाजूला. हातात भली मोठी पिशवी, डोळे सुजलेले. मी म्हटलं झालं असेल काही, नवऱ्याशी तिची कुरबुर चालायचीच. दोन दिवस नाना घरातून बाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात आले, उंबऱ्याबाहेरच उभे. "सुरेखे, जुन्नरची थांबीव. त्याच्यापरीस चांगली घावलीय. मंचरला हाय."

"अहो नाना, तुम्हीच तर चालंल म्हणालात."

"म्हनलो व्हतो. पर ही घरातली हाय."

झालं. शिक्का बसला. मी सलीमभाईंना फोन करून नको म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "काही हरकत नाही बहनजी, नाना म्हणतात तर बरोबरच असेल." बघा, परका माणूससुद्धा त्यांच्या शब्दावर गेला.

मंचरला एका गॅरेजच्या बाहेर निळी गाडी उभी होती. धुतलेली, पुसलेली, आतल्या सीटना नवीन कव्हरं. दार उघडलं तर कापराचा वास असा आला की देवळात शिरल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "कापूर कशाला हो गाडीत?" नाना रस्त्याकडं बघत म्हणाले, "धार्मिक माणसं हायत." कागदावर पुण्याच्या कुणा निवृत्त बाईंचं नाव होतं. मी मनात चित्रही रंगवलं, म्हातारी बाई, रोज पूजा, गाडीत कापूर.

नानांनी टोपी काढली नाही. दारापाशीसुद्धा गेले नाहीत. मी म्हटलं, "नाना, नाक?" तर म्हणाले, "सर्दी झालीय गं." आणि खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. मला दिसलं होतं हे सगळं! मी नर्स आहे, सर्दी झालेला माणूस मला कळत नाही का? पण मी त्या माणसाकडं नर्सच्या नजरेनं कधी बघितलंच नव्हतं. बापाच्या जागी असलेल्या माणसाची कोण तपासणी करतं?

गाडी दारात आली. मी पेढे घेऊन नानांना चक्कर मारायला बोलवायला गेले. वेशीपर्यंत चला, म्हटलं, तुमचा मान आहे. म्हणाले, "आज गुडघा लई दुखतोय." पेढा मात्र घेतला. हातातच धरून बसले. त्याच आठवड्यात वैशाली पिशवी घेऊन पारगावला परत गेली. आम्ही सगळ्यांनी तिला हसत निरोप दिला.

सुरुवातीचे दिवस मी विसरणार नाही. ऋतू गाडीत बसायची, चारी काचा वर आहेत का बघायची, चारी लॉक दाबून बघायची आणि मग म्हणायची, "हं, चल." हळूहळू तपासणं कमी झालं. मग एक दिवस उसातून जाताना ती गुणगुणायला लागली. मी काही बोलले नाही, थांबेल म्हणून. तेवढ्यासाठी मी नानांच्या पाया पडायला तयार होते, आणि पडलेही, दिवाळीत. त्यांनी पाय मागं घेतले.

मग गाडीचे नखरे सुरू झाले. हॉर्न आपोआप वाजायचा. एखाद्या दिवशी वायपर कोरड्या काचेवर फिरायला लागायचे. मी नानांना सांगितलं तर म्हणाले, "नवी सून हाय, रुळंल." बोलताना माझ्याकडं बघत नव्हते. मी तेही मनावर घेतलं नाही.

आणि एका संध्याकाळी, दिवस मावळता मावळता, उसाच्या ऐन मध्ये गाडी बंद पडली. आधी दिवे मिचमिचले, मग इंजिन थांबलं. मी चावी फिरवली, नुसती टिक टिक. आणि तेवढ्यात ऋतूच्या बाजूची काच आपोआप खाली घसरली. पूर्ण खाली. मी बटण दाबतेय, दाबतेय, काच वर येईना. बाहेर हात काढला तर ऊस हाताला लागेल एवढा जवळ. पाचट वाजत होतं. वाऱ्यानं असेल, कुत्रं असेल, काय असेल ते असेल. ऋतू ओरडली नाही. तिनं दप्तर खिडकीला लावलं आणि सीटबेल्ट दोन्ही हातांनी ओढत राहिली, ओढतच राहिली, जणू तो अंगाभोवती गुंडाळून घेणार होती. तोंडानं एकच, "आई तू म्हणालीस ना बंद पडणार नाही, आई तू म्हणालीस ना." मी तिच्यावर आडवी पडून खिडकी अंगानं झाकली. 

बिबट्या आला नाही. उसाचा रिकामा ट्रॅक्टर आला. त्या ड्रायव्हरनं दोरानं बांधून आम्हाला दारापर्यंत ओढून आणलं, देव त्याचं भलं करो. ऋतू घरात गेली ती पांघरूण घेऊन झोपली.

सकाळी मी गाडीपाशी गेले. ऋतूच्या बाजूचा पट्टा बाहेर लोंबत होता, तिनं ओढला तो आत गेलाच नव्हता. मी तो हातात घेतला. पट्ट्याच्या अगदी शेवटाला, एरवी जो भाग कधीच बाहेर येत नाही तिथं, आडवी तपकिरी रेघ. नखानं खरवडली, तर माती. मी पट्टा नाकाला लावला. कापूर तिथपर्यंत पोचला नव्हता.

गॅरेजवाल्याला बोलावून मॅट उचलायला लावली. खाली गाळ, वाळून तडे गेलेला, आणि त्यात बारके बारके शंख. तो म्हणाला, "ताई, कालव्यात पडलेली दिसतीय. हिच्या वायरी आता कधी काय करतील, कुणी सांगू शकत नाही."

मी तशीच समोर गेले. नाना ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्या मुठीतला शंख बघितला आणि उठायला गेले, पण उठले नाहीत.

"नाना, ही गाडी कुणाची?"

"सांगितलं व्हतं की तुला." आवाज इतका बारीक, की मला वाकावं लागलं. "घरातली हाय म्हनून."

"कुणाच्या घरातली?"

"आमच्या."

मला क्षणभर कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. जावयानं नुकतीच पुण्याच्या कुणाकडून गाडी घेतली होती, आमच्या गल्लीत ती कधी आली नव्हती, नावसुद्धा बदललं नव्हतं. दारू पिऊन कॅनॉलात घातली, रातभर पाण्यात होती. विमा संपलेला. वैशालीला म्हणाला, बापाला सांग गाडीचे पैसे उभे करून दे, तवर हितं यायचं न्हाई. "पोर पिशवी घेऊन आली, तू बघितलंस. पुन्यात नेली आसती तर वास घेऊन कुनीबी सोडली आसती. माझ्या शब्दावर डोळं झाकून घेनारं मानूस पायजे व्हतं."

"म्हणून मी?"

"मी खोटं बोललो न्हाई सुरेखे. घरातलीच व्हती."

"ऋतूचं डोकं धरलं होतंत हो तुम्ही! टाके घालताना!"

नाना ओट्याची कड धरून बसले. मग म्हणाले, "मलाबी पोरगी हाय गं."

 मी त्यांची कोण, ते त्या एका वाक्यात मला कळलं. लग्नात माझ्या पाठीशी होते ते हात, मैदानात गिअरवर माझ्या हातावर ठेवलेला हात, सगळं खरं होतं, पण वेळ आली तेव्हा पोरगी एकच होती. मी घरी आले आणि मोरीत बसून रडले. राग, दुःख, काय म्हणाल ते सगळं एकदम.

त्यांनी आणखी एक केलं, ते मला जास्त लागलं. दोन-चार दिवसांनी दारात येऊन म्हणाले, "मी गिऱ्हाईक बघतो. जुन्नरकडलं. तुझी गाडी काढून दितो, तुझं नुकसान व्हनार न्हाई."

"कुणाच्या लेकीला देणार नाना? आणि काय सांगणार? घरातली आहे म्हणून?"

ते खाली मान घालून गेले. मी गाडी विकली नाही, भंगारातही घातली नाही. त्यांच्या ओट्याच्या बरोबर समोर, गल्लीत लावून ठेवली. सकाळी दूध आणायला जाताना ती, संध्याकाळी देवळात जाताना ती. काच खाली गेलेल्या खिडकीवर मी पिवळं प्लास्टिक चिकटवलं. लोक म्हणायचे, सुरेखाताई, वाट अडते हो. मी म्हणायचे, अडू दे. मोठेपणा दाखवायची मला हौस नव्हती, आजही नाही.

ऋतूला नारायणगावात एका खोलीवर ठेवावं लागलं, दोन मैत्रिणींबरोबर. परीक्षा तिनं तिथूनच दिली. पोर घरातून जायची ती शिकून, मोठी होऊन जाते, माझी बिबट्यापायी आणि एका निळ्या गाडीपायी आधीच गेली. घरी यायचं म्हटलं की म्हणायची, "तूच ये ना आई इकडं."

त्यानंतर नानांना गाडी बघायला न्यायला माणसं आली, की ते ओट्यावरूनच हात हलवायचे. "आता न्हाई. माझं नाक गेलं." माणसं हळहळायची, त्या कोरोनानं बघा कितीकांचं नाक घालवलं, नानांचंही गेलं. काढा सुचवायचे, डॉक्टर सुचवायचे. मी माझ्या खिडकीतून ऐकायचे. नाक गेलं म्हणजे नक्की काय गेलं, हे गल्लीत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते माझं मलाही नीट सांगता येणार नाही. त्यांच्या जुन्या मानासाठी की वैशालीसाठी, कोण जाणे.

यंदा उन्हाळ्यात नाना वारले. छातीत कळ आली, नेईपर्यंत संपलं होतं. आणलं आमच्याच दवाखान्यात, आणि माझीच ड्युटी होती. मी त्यांचे डोळे मिटले, टोपी उशाशी ठेवली. अँब्युलन्सनं आणलं तर गल्लीत वळेना. माझी निळी गाडी आडवी.

माणसं माझ्याकडं बघायला लागली. चालू तर होणार नव्हती. मग चौघं-पाच जण मागं लागले, आणि स्टिअरिंगवर कुणीतरी पाहिजे म्हणून मी आत बसले. दुपारचं ऊन, गाडी तापलेली. कापूर केव्हाच उडून गेला होता. कालव्याचा वास आला, ओल्या गाळाचा, कुजक्या पानांचा. दार उघडून कुणीही क्षणात ओळखावा असा. नाना, एकदा टोपी काढून डोकं आत घातलं असतंत तर! बाहेरून लोक ढकलत होते, पुढं अँब्युलन्स, आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून मोठ्यानं रडत होते. बायका म्हणाल्या, रडणारच हो, बापासारखा होता. मी रागानं रडत होते. भांडायला माणूस उरलं नव्हतं.

दहाव्याला वैशाली माझ्याजवळ आली. चांगली भरलेली दिसत होती, कडेवर लेकरू. नवऱ्यानं दारू सोडलीय म्हणे. तिनं माझा हात धरला. "ताई, कधी बोलले न्हाई तुमाला, तवा आमची गाडी तुमी घेतली. तुमच्यामुळं माझं घर ऱ्हायलं." आभार मानत होती हो ती! खऱ्या मनानं. मी हात सोडवून घेतला आणि पाणी आणते म्हणून आत गेले.

दुसऱ्याच दिवशी निळी गाडी भंगारवाल्याला दिली. ऋतू आता पुण्याला शिकते, सुट्टीला यायचं तर नारायणगावपर्यंत येते आणि तिथंच थांबते. तिला घरापर्यंत आणायचं होतं. म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही दोघी आळेफाट्याला गाड्या बघायला गेलो. सलीमभाईंची ती पांढरी कधीच विकली गेली. अजून दिसते मला बाजारात, कुणा मास्तरांकडं आहे, मस्त पळते.

एजंट तरणा, बोलका. लाल छोटी गाडी दाखवत होता. मी पर्स ऋतूकडं दिली, दार उघडलं, डोकं आत घातलं आणि डोळे मिटले. पुढं, मागं, डिकीत. मग पट्टा धरला आणि शेवटपर्यंत ओढला. ऋतू म्हणाली, "आई, तू अगदी नानांसारखं करतेस."  पट्टा स्वच्छ होता. वास फक्त जुन्या फोमचा आणि पेट्रोलचा.

एजंटनं बघितलं की माझं मन बसतंय. पुढं होऊन म्हणाला, "ताई, डोळं झाकून घ्या. धंद्यातली न्हाई, काय न्हाई. येकदम घरातली गाडी हाय."

मी पट्टा सोडला. तो सरसर आत गेला.

"मग राहू दे भाऊ," मी म्हटलं. "परक्याची असली तर दाखवा."